दाढ, दम आणि एक सही



या सदरात आम्ही बहुधा मुलांच्या अभ्यासाविषयी आणि घरातल्या वळणाविषयी लिहितो. या महिन्यात विषय दाढेचा आहे. दाढदुखीवर एवढे काय लिहायचे, असे आपल्याला वाटेल. गेल्या रमजानपर्यंत आम्हालाही तसेच वाटत होते. आता वाटत नाही, आणि त्याचे कारण आमचे चाचा. त्यांना विचारूनच हे लिहीत आहोत. "लिहा, कुणाच्या तरी कामाला येईल," असे ते स्वतः म्हणाले.

चाचांचे वय ५४. मोटारसायकल दुरुस्तीचे छोटे गॅरेज आहे. साखरेचा आजार आठ वर्षांचा, आणि मावा खाण्याची सवय त्याहून जुनी. रमजानमध्ये दिवसभर मावा बंद असायचा, पण इफ्तार आणि मगरिबची नमाज झाली की खिशातून पुडी निघायची. दोन-तीन वर्षांपासून त्यांना तिखट झोंबत होते आणि तोंड पूर्ण उघडत नव्हते. भाकरीचा मोठा घास घेता येत नाही म्हणून चाची लहान तुकडे करून द्यायच्या. हे सगळे घरात हसण्यावारी जात होते.

एकविसाव्या रोज्याला त्यांची खालच्या जबड्यातली शेवटची उजवी दाढ ठणकू लागली. इफ्तारनंतर लवंगेचे तेल लावले, मेडिकलमधून गोळ्या आणल्या. डॉक्टरकडे जा म्हटले की एकच उत्तर, "अरे, कुछ नहीं होता. ईद होने दो." रोजा असताना दाढ काढली आणि रक्त गिळले गेले तर रोजा जाईल, ही भीतीही मनात होती. पंचविसाव्या रोज्याला गाल सुजला, पण ठणका मात्र एकदम कमी झाला. घरात सगळ्यांनी अलहम्दुलिल्लाह म्हटले. दुखणे उतरले असेच वाटले. खरे काय झाले होते ते नंतर डॉक्टरांनी सांगितले. दाढेच्या मुळाशी हाडात कोंडलेला पू हाड फोडून बाहेर पडला होता. कोंडलेला दाब सुटला म्हणून ठणका थांबला. आजार मात्र घराच्या एका खोलीतून साऱ्या घरात शिरला होता.

सत्ताविसाव्या रोज्याच्या संध्याकाळी चुलतभावाचा फोन आला. चाचांची सूज आता जबड्याच्या खाली, दोन्ही बाजूंना आली होती. थुंकी गिळवत नव्हती, रुमालाने पुसावी लागत होती. तोंडात घास ठेवून बोलल्यासारखा आवाज येत होता. आडवे होता येत नव्हते, म्हणून भिंतीला टेकून बसले होते. आमच्या घराण्यात चार बुके शिकलेले म्हणून असे फोन आमच्याकडे येतात. आम्ही काय सांगितले? "दोन दिवसांवर ईद आहे, सुटीत सगळे दवाखाने बंद असतील. ईदनंतर चांगल्या डॉक्टरला दाखवू. तोवर जरा दम धरा."

हे वाक्य आम्ही बोललो. वर्गात मुलांना आम्ही शिकवतो की 'दम' हा शब्द उर्दूत आणि मराठीत दोन्हीकडे आहे. दम म्हणजे श्वास. आणि मराठीत 'दम धर' म्हणजे थांब, धीर धर. ज्या माणसाचा श्वास कोंडत चालला होता, त्याला आम्ही दम धरायला सांगत होतो.

त्या रात्री सहरीला चाचांना पाण्याचा घोटही गिळता आला नाही. तेव्हा मात्र चाचींनी कुणाचे ऐकले नाही. उजाडताच त्या त्यांना तालुक्याच्या दंतवैद्याकडे घेऊन गेल्या. त्या भल्या माणसाने चाचांना खुर्चीत बसवलेसुद्धा नाही. जबड्याखाली बोट दाबून पाहिले, तोंड किती उघडते ते पाहिले आणि म्हणाले, "हे माझ्याकडचे काम नाही. आत्ता निघा, मोठ्या रुग्णालयात जा. गाडीत यांना झोपवू नका, बसवूनच न्या. वाटेत खायला-प्यायला काही देऊ नका." पैसे घेतले नाहीत, उलट पुढच्या डॉक्टरांना फोन केला. चाचांवरचा पहिला उपकार त्यांचा.

दाढेची सूज श्वासापर्यंत कशी जाते?

मोठ्या रुग्णालयात आम्ही दुपारी पोहोचलो. जबड्याचे सर्जन आले आणि त्यांच्याबरोबर भूल देणाऱ्या डॉक्टर मॅडम आल्या. आम्हाला वाटले, सर्जन महत्त्वाचे, भूलवाल्या मॅडम नंतरच्या. पण बराच वेळ चाचांना तपासत होत्या त्या मॅडमच. त्यांनी तोंड उघडायला सांगितले. निरोगी माणसाच्या तोंडात त्याचीच तीन बोटे एकावर एक उभी मावतात. चाचांच्या तोंडात जेमतेम एक बोट गेले. जबड्याखालची सूज लाकडासारखी टणक लागत होती. जीभ वर उचललेली दिसत होती.

मॅडम आमच्याशी बाकावर बसून बोलल्या. कागदावर चित्र काढून दाखवले. ते चित्र आम्ही जपून ठेवले आहे, त्यावरून सांगतो.

आपल्या तोंडाच्या तळाशी, जिभेखाली, एक स्नायू झोळीसारखा ताणलेला असतो. खालच्या जबड्यातल्या शेवटच्या दोन दाढांची मुळे या झोळीच्याही खालपर्यंत गेलेली असतात. म्हणून त्या दाढांचा पू आतल्या बाजूला फुटला की थेट जबड्याखालच्या जागेत उतरतो. तिथून झोळीच्या मागच्या काठाने वळसा घालून तो जिभेखाली येतो आणि दुसऱ्या बाजूलाही पसरतो. हाड आणि पडदे यांच्यामध्ये सुजेला बाहेर फुगायला फारशी जागा मिळत नाही, मग ती जिभेला वर आणि मागे ढकलते. जिभेच्या मागेच श्वासाचा रस्ता आहे. दाढेचा आजार असा श्वासाचा आजार होतो. जर्मनीतल्या स्टुटगार्टच्या लुडविग नावाच्या डॉक्टरांनी १८३६ मध्ये या आजाराचे वर्णन केले, म्हणून त्याला आजही 'लुडविग्ज अँजायना' म्हणतात. यातला 'अँजायना' म्हणजे गळा आवळला जाणे, हृदयाशी त्याचा संबंध नाही. अँटिबायोटिक औषधे येण्यापूर्वी या आजाराने निम्म्याहून अधिक रोगी दगावत असत. आता वेळेवर उपचार मिळाले तर बहुतेक जण वाचतात. मॅडमनी 'वेळेवर' हा शब्द दोनदा उच्चारला.

आम्ही विचारले, "मग लगेच भूल द्या आणि पू काढा. अडचण काय आहे?"

त्या म्हणाल्या, "पू काढणे तासाभराचेही काम नाही. अडचण भूल देण्याचीच आहे."

त्यांनी समजावले ते असे. एरवी मोठ्या ऑपरेशनला आधी रोग्याला झोपेचे औषध देतात, मग स्नायू सैल करणारे औषध देतात. रोग्याचा स्वतःचा श्वास थांबतो. मग डॉक्टर तोंड उघडून एका पात्याने जीभ खाली दाबतात, स्वरयंत्र डोळ्यांनी पाहतात आणि श्वासनलिकेत नळी घालतात. हे काम मिनिटाच्या आत होते. पण चाचांचे तोंड उघडत नव्हते. जीभ दाबावी तर तिच्याखाली जागाच नव्हती, तिथे लाकडासारखी सूज होती. जागेपणी आपल्या घशाचे स्नायू श्वासाचा रस्ता ताणून उघडा ठेवतात. झोप लागली की ते सैल पडतात. चाचांचा आधीच चिंचोळा झालेला रस्ता त्या क्षणी पूर्ण बंद होऊ शकत होता. मग नळी जात नाही, मास्क लावून दाबलेली हवाही जात नाही, आणि मेंदू ऑक्सिजनशिवाय काही मिनिटेच तग धरतो.

मावा खाण्याने झालेले नुकसान इथे आडवे आले. सुजेमुळे दुखून तोंड उघडत नसेल तर भूल दिल्यावर ते थोडे सैल होण्याची आशा असते. पण सुपारीने गालाच्या आतली कातडी वर्षानुवर्षे ताठ होत गेली असेल, तर ती कोणत्याही औषधाने क्षणात सैल होत नाही.

"मग सुन्न करायचे इंजेक्शन देऊन करा," आमच्यातले एक जण म्हणाले. मॅडमनी सांगितले, पू झालेल्या जागी ते औषध नीट चालत नाही. "मग सलाइनमधून औषध द्या, सूज उतरेल." औषध तर सुरूच केले होते. पण साचलेल्या पुवात औषध पुरेसे पोहोचत नाही. पू बाहेर काढावाच लागतो.

म्हणून त्यांनी ठरवले होते की चाचांना झोपवायचे नाही. जागे ठेवूनच नाकातून नळी घालायची. नाक आणि घसा औषधाने सुन्न करायचा, दोरीसारख्या लवचीक दुर्बिणीने रस्ता बघत बघत श्वासनलिकेपर्यंत जायचे आणि तिच्यावरून नळी आत सरकवायची. आणि ते जमले नाही तर सर्जननी गळ्याला, कंठाच्या खाली, छेद देऊन तिथून श्वासाची नळी घालायची. दोन्हींसाठी सही हवी होती.

व्हरांड्यातला गोंधळ

'गळ्याला छेद' हे शब्द ऐकले आणि आमच्या दहा-बारा जणांत एकच गोंधळ उडाला. "दाढ दुखती थी, और ये गला काटने को बोल रहे!" एक जण म्हणाले, दुसऱ्या शहरात नेऊ. दुसरे म्हणाले, आधी मोठ्या भाईजानना फोन लावा, ते आल्याशिवाय सही नको. कुणी म्हणाले, छेद दिला की माणूस कायमचा मुका होतो. कुणी म्हणाले, रमजानच्या दिवसांत असे नको, उद्या बघू. बोटाला लावलेल्या चिमट्याकडे दाखवून एक जण म्हणाले, "ऑक्सिजन तर ९५ आहे, एवढी घाई कसली?"

त्यावर मॅडम जे बोलल्या ते वहीत लिहून ठेवण्याजोगे आहे. त्या म्हणाल्या, "आकडा चांगला आहे म्हणूनच आत्ता करायचे. या आजारात आकडा अगदी शेवटी पडतो. तो पडेपर्यंत थांबलो तर मला करायला वेळ उरणार नाही."

तरी सही होईना. पाऊण तास गेला. शेवटी मॅडम म्हणाल्या, "पेशंट शुद्धीवर आहेत. गळा त्यांचा आहे. तुम्ही त्यांना विचारले का?"

आम्ही गप्प झालो. खरेच, ज्यांच्या गळ्यावरून आम्ही पाऊण तास वाद घालत होतो, ते दाराच्या पलीकडे खाटेवर जागे बसले होते. त्यांना कुणी काहीच विचारले नव्हते. चाची आत गेल्या. त्या सातवीपर्यंत शिकलेल्या आहेत, घराण्याच्या बैठकीत कधी बोलत नाहीत. त्यांनी चाचांना सगळे नीट सांगितले, छेदाची गोष्टही लपवली नाही. चाचांनी हात पुढे केला आणि पेन मागितले. त्यांची सही झाली, खाली चाचींनी उर्दूत आपली सही केली. बाहेर येऊन त्या एवढेच म्हणाल्या, "आप लोग दुआ करो. सही हो गई."

पुढचे चाचांच्या तोंडून ऐकलेले आहे, कारण ते जागे होते. त्यांना अर्धवट बसते ठेवले होते. नाकात आधी सूज उतरवणारे थेंब, मग कडू औषध. मास्कमधून वाफेसारखे औषध. जीभ, घसा बधिर झाला. मॅडम प्रत्येक गोष्ट करण्याआधी सांगत होत्या. पेन्सिलीहून बारीक दुर्बीण नाकातून आत गेली. एकदा जोराचा ठसका आला, जीव घाबरला. एका सिस्टरने त्यांचा हात धरून ठेवला होता. चाचा मनात कलमा पढत होते. बाजूला सर्जन हातमोजे घालून उभे होते, गळ्यावर पेनाने खूण केलेली होती आणि शस्त्रांचा ट्रे उघडा होता. नळी आत गेली, बाहेर येणाऱ्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड पडद्यावर दिसला, नळी योग्य जागी असल्याची खात्री झाली आणि मगच झोपेचे औषध दिले. गळ्याला छेद देण्याची वेळ आली नाही, अलहम्दुलिल्लाह. जबड्याखाली चिरा देऊन पू काढला, निचऱ्यासाठी रबराच्या पट्ट्या ठेवल्या आणि या सगळ्याचे मूळ असलेली दाढही काढली.

ऑपरेशननंतर सूज लगेच उतरत नाही, कधी कधी आधी थोडी वाढतेही. म्हणून नळी काढली नाही, अतिदक्षता विभागात ठेवले. त्या वर्षी चंद्र एकोणतीसचा झाला. ईदच्या सकाळी आम्ही जवळच्या मशिदीत नमाज पढून आलो, तेव्हा चाचा डोळे उघडून पाहत होते. नळीमुळे बोलता येत नव्हते. त्यांनी खुणेने कागद मागितला आणि वाकड्यातिकड्या अक्षरांत लिहिले, "ईद?" चाचींनी मान हलवली. दुसऱ्या दिवशी नळी निघाली. आवाज परत आला. शीरखुर्मा मात्र त्यांनी पंधरा दिवसांनी, साखर आटोक्यात आल्यावर, अर्धी वाटी खाल्ला.

गळ्याचा छेद आणि आपले हकीम

शेजारच्या खाटेवर एक तरुण होता. त्याला मात्र गळ्यातून नळी घालावी लागली होती. आठवडाभराने ती काढली, वर पट्टी लावली, छेद हळूहळू आपोआप भरून आला आणि तो आपल्या आईशी नेहमीसारखा बोलू लागला. अशा आजारातला छेद बहुधा तात्पुरता असतो, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले.

घरी आल्यावर आम्ही थोडे वाचन केले आणि मान खाली गेली. ज्या गोष्टीला आम्ही व्हरांड्यात इतके घाबरलो, तिच्याविषयी आपल्याच हकिमांनी हजार वर्षांपूर्वी लिहून ठेवले आहे. कुर्तुबाच्या अबुल कासिम अल-जहरावी यांनी गळा चिरलेल्या एका दासीची जखम शिवली. ती बरी झाली. त्यावरून श्वासनलिकेवरचा छेद भरून येऊ शकतो, असा निष्कर्ष त्यांनी आपल्या 'अत-तसरीफ' या ग्रंथात मांडला. इब्ने सीना यांनी 'अल-कानून'मध्ये श्वास अडला असता सोन्या-चांदीची किंवा तशीच नळी घशात घालण्याचा उल्लेख केला आहे. अंदलुसचे इब्ने जुहर यांनी बाराव्या शतकात एका बकरीच्या श्वासनलिकेला छेद देऊन तो भरून येतो की नाही ते पाहिले. ती बकरी जगली. आधी तपासायचे आणि मग माणसावर वापरायचे, ही त्यांची रीत होती.

चाचांच्या नाकातून गेलेल्या दुर्बिणीतही एका भारतीयाचा वाटा आहे. पंजाबातल्या मोगा येथे जन्मलेले नरिंदर सिंग कपानी आणि त्यांचे गुरू हॅरॉल्ड हॉपकिन्स यांनी इंग्लंडमध्ये काचेच्या बारीक तंतूंच्या जुडग्यातून चित्र पलीकडे नेता येते हे दाखवले, १९५४ मध्ये. पुढे १९६७ मध्ये पीटर मर्फी या इंग्रज डॉक्टरांनी अशी लवचीक दुर्बीण वापरून नाकातून श्वासनळी घातली. इल्म कुठून कुठे जाते आणि कुणाच्या चाचांचा जीव वाचवते, पाहा.

घरात लक्षात ठेवायच्या गोष्टी

आता कामाचे बोलू. खालच्या दाढेचे दुखणे असताना पुढीलपैकी एकही गोष्ट दिसली तर ती 'दाढदुखी' समजू नये:

- सूज गालावरून जबड्याखाली किंवा हनुवटीखाली उतरली, विशेषतः दोन्ही बाजूंना, आणि टणक लागते.
- तोंडात दोन बोटेही उभी जात नाहीत.
- जीभ वर उचलल्यासारखी वाटते, थुंकी गिळवत नाही, लाळ गळते.
- आवाज बदलला आहे.
- आडवे झाले की गुदमरते, पुढे वाकून बसावेसे वाटते.
- ताप, थंडी आणि फार अशक्तपणा.

अशा वेळी १०८ ला फोन करावा किंवा मिळेल त्या गाडीने मोठ्या रुग्णालयात जावे, जिथे जबड्याचे किंवा घशाचे सर्जन आणि भूलतज्ज्ञ दोन्ही आहेत. रोग्याला बसवून न्यावे. खाऊ-पिऊ घालू नये. जाताना चालू औषधांच्या चिठ्ठ्या बरोबर घ्याव्यात. साखर, रक्तदाब, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, शेवटचे केव्हा खाल्ले, सुपारी-माव्याची सवय, आधीच्या ऑपरेशनमध्ये भुलीला काही त्रास झाला होता का, हे सगळे न लपवता सांगावे. वडीलधाऱ्यांच्या लाजेखातर माव्याची गोष्ट लपवू नये. भूल देणाऱ्याला ती कळलीच पाहिजे.

घरी करू नये ते असे. सूज 'पिकवायला' गरम विटेचा शेक देऊ नये. सुईने टोचू नये. मेडिकलमधून मागून आणलेल्या गोळ्यांवर दिवस काढू नयेत. ठणका अचानक थांबला आणि सूज वाढत असेल तर आनंद मानू नये. साखरेचा आजार असलेल्यांनी तर दाढेच्या दुखण्यात एक दिवसही घालवू नये, कारण त्यांच्यात संसर्ग वेगाने पसरतो.

रोज्याविषयी. आम्ही आलिम नाही, म्हणून फतवा देत नाही. पण आजारी माणसाला रोजा सोडून तो नंतर पुरा करण्याची सवलत पवित्र कुरआनने, सूरह बकरात, स्वतः दिली आहे. अल्लाहला आपल्यासाठी सोय हवी आहे, अडचण नको, असा तिथला आशय आहे. रक्त किंवा औषध गिळले गेले नाही तर नुसती दाढ काढल्याने रोजा तुटत नाही, असेही अनेक उलमा सांगतात. आपल्या मुफ्ती साहेबांना रमजानच्या आधीच विचारून ठेवा. त्याहून बरे म्हणजे शाबान महिन्यात घरातल्या सगळ्यांचे दात दाखवून घ्या. प्रेषित मुहम्मद (स.) यांना मिस्वाक इतकी प्रिय होती की उम्मतला जड जाणार नसते तर प्रत्येक नमाजेसोबत ती करायला सांगितली असती, असा हदीसचा आशय आहे. त्या उम्मतची दाढ किडून जीवावर यावी, हे बरे नव्हे. आणि सुपारी, मावा, गुटखा? महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, तरी पुडी मिळते. बंदी सरकारने घातली, सवय सोडणे मात्र आपल्याच हातात आहे. चाचांनी त्या दिवसापासून सोडली आहे. रोज सकाळी आरशासमोर स्वतःची बोटे तोंडात घालून पाहतात. जेमतेम दोन मावतात, तिसरे अजून मावत नाही. कदाचित मावणारही नाही.

शेवटची गोष्ट सहीची. आपल्या घराण्यांत वडिलांचा, भावांचा मान मोठा आहे आणि तो असावा. पण अडलेला श्वास मोठ्या भाईजानच्या गाडीची वाट पाहत नाही. डॉक्टरांना प्रश्न जरूर विचारा. हे का करता, न केल्यास काय होईल, पहिला उपाय फसला तर दुसरा कोणता, हे तीन प्रश्न पुरेत. उत्तर समजले नाही तर पुन्हा विचारा. मग ज्याचा देह आहे त्याला विचारा. तो शुद्धीत असेल तर निर्णय त्याचा. आणि घरात आधीच ठरवून ठेवा की वेळ आली तर सगळ्यांच्या वतीने एकच माणूस बोलेल. आमच्या घरात आता ते ठरले आहे. त्या चाची आहेत.

उंट आधी बांधा आणि मग अल्लाहवर भरवसा ठेवा, ही शिकवण आम्ही वर्गात किती वेळा सांगितली असेल. त्या सत्ताविसाव्या संध्याकाळी फोनवर बोलताना ती आठवली नाही. चाचा म्हणतात, "जाऊ दे, तुला तरी काय माहीत होते." त्यांनी माफ केले. पण आता कुणाच्या घरून दाढदुखीचा फोन आला की आम्ही आधी विचारतो, "तोंडात किती बोटे जातात? थुंकी गिळता येते का? आडवे होता येते का?" आणि 'दम धरा' म्हणत नाही.

अल्लाह तआला आपणा सर्वांच्या घरी आरोग्य नांदवो आणि ज्या डॉक्टरांच्या, सिस्टरांच्या हातून लोकांचे श्वास वाचतात त्यांना बरकत देवो. आमीन.